द्राक्षं नव्हे, तोरिंजन

आमच्या सोसायटीच्या पाटीवर माझ्या नावाआधी 'डॉ.' लिहिलंय. त्यामुळे डोंबिवलीतले बरेचसे गुडघे माझ्या दारात येऊन दुखतात. वरच्या मजल्यावरच्या काकू तर अजूनही ऐकत नाहीत.

"अगं, तू औषधांचंच करतेस ना? मग एक गोळी द्यायला काय जातंय?"

"काकू, मी औषध देत नाही. दिलेल्या औषधाचं पुढे काय झालं, ते बघते."

"म्हणजे चौकशी करतेस?"

मला हा शब्द इतका आवडला की मी त्यांना आत बोलावून चहा पाजला. चौकशीच. माणसानं गोळी गिळली, पाणी प्यायला, ती विसरून गेला. पण गोळीचा प्रवास तिथून सुरू होतो. पूर्वी ठाण्याच्या वेशीवर जकातनाका होता तो ज्यांना आठवत असेल, त्यांना हे लगेच कळेल. मालाचा ट्रक आला की नाक्यावर थांबायचा, आपला हिस्सा द्यायचा आणि मगच शहरात शिरायचा. आपल्या आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात असेच नाके आहेत. त्यांना आम्ही विकरं म्हणतो, इंग्रजीत एन्झाइम. गोळीतलं औषध रक्तात पोचण्याआधी ही विकरं त्यातलं बरंचसं मोडून टाकतात. डॉक्टर जो डोस लिहून देतात, तो ही जकात धरूनच ठरवलेला असतो. कुठल्या कारणानं नाकेदार झोपला, तर सगळा माल शहरात घुसतो. मग रक्तदाबाची साधी गोळी घेऊन माणूस चक्कर येऊन पडू शकतो. नाका जागा आहे की झोपलाय हे बघणं, हाच माझा धंदा.

या धंद्यात मी कशी आले, ते दोन वाक्यांत सांगते. मी कल्याणजवळच्या मोहन्याची. आई भाजी विकायची, शाळा सुटली की मी तिच्या शेजारी बसायचे. बाकी शिक्षण नंतर झालं. पण समोरचा माणूस पिशवी उचलून निघाल्यासारखं करतो तेव्हा तो खरंच निघालाय की नाही, हे ओळखायचं शिक्षण तिथलं. ते मला पीएचडीपेक्षा जास्त उपयोगी पडलं.

एम.एस्सी.ला असताना प्रकल्पासाठी मला यकृतातली विकरं हवी होती. विकत घेणं कॉलेजला परवडणारं नव्हतं. मी कल्याणच्या मटणवाल्याकडे गेले.

"अख्खी कलेजी द्या. ताजी. आत्ता निघालेली."

"तुकडे करू?"

"नको! तुकडे नको, धुऊ पण नका. आणि पित्ताची पिशवी फुटता कामा नये." पित्त सांडलं की विकरं वाया जातात.

"धुऊ नको, कापू नको, मग शिजवणार कशी?"

"शिजवणार नाही."

त्यानं सुरा खाली ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी पुढच्या शनिवारी अमावास्येला येणार आहे की काय असं त्याला वाटलं असावं. तरीही मी भाव पाडलाच. शेजारच्या मावरंवाल्या, म्हणजे मासळीवाल्या, मावशींकडून बर्फ घेतला, तो मात्र फुकट. त्या म्हणाल्या, "ने गं बाय, पर शिकून झाल्यावर या धंद्याला येऊ नको, आधीच गर्दी हाय." मी ती कलेजी डब्यात घालून, मांडीवर धरून, कॉलेजात पोचवली. माझं पहिलं संशोधन त्या मावशींच्या बर्फावर उभं आहे.

पीएचडी झाली आणि वागळे इस्टेटमधल्या एका संस्थेत मला नोकरी लागली. वर्षभर परीक्षेवर, मग कायम करायचं की नाही ते ठरणार. तिथे चालायचं ते काम असं: बाजारात एखादी मूळ गोळी असते. दुसरी कंपनी तीच गोळी स्वस्तात बनवते. ती खरंच तेवढीच चालते का, हे तपासायला निरोगी माणसं आपणहून भरती होतात. त्यांना आदल्या संध्याकाळी केंद्रात ठेवतात, सकाळी गोळी देतात आणि ठरावीक वेळानं रक्त घेतात. काही दिवस मध्ये सोडून त्याच माणसांना पुन्हा बोलावतात आणि दुसरी गोळी देतात. रक्त आमच्या प्रयोगशाळेत यायचं, त्यात औषध किती ते मी मोजायचे. नावं आम्हाला कधीच कळत नाहीत, नळीवर फक्त क्रमांक.

आमच्या विभागप्रमुखांना मी इथे नुसतं 'सर' म्हणते. स्वच्छ कॉलर, स्वच्छ मराठी, आणि बोलण्याआधी चष्मा पुसायची सवय. त्यांनी मला जे शिकवलं, ते मी आज माझ्या मुलींना, म्हणजे माझ्या प्रयोगशाळेतल्या मुलींना, तसंच शिकवते: विचित्र आकडा आला की आधी आपल्या हातावर संशय घ्यायचा. हे शिकवणं खरं आहे. त्या वर्षी ते माझ्या गळ्याशी आलं, हेही खरं आहे.

काम रक्तदाबाच्या एका गोळीचं होतं. पहिल्या फेरीचे नमुने त्या वर्षीचे गणपती सरल्यावर लगेच आले होते. सगळ्यांचे आकडे शहाण्यासारखे रांगेत होते, फक्त तीन क्रमांकांच्या माणसांचे सोडून. त्या तिघांच्या रक्तात औषध दुपटीहूनही जास्त. दुसऱ्या फेरीत त्याच तिघांचे आकडे इतरांसारखे, गपगुमान.

सरांनी कागद बघितला, चष्मा पुसला.

"दुसऱ्या फेरीत ठीक आहेत, म्हणजे माणसं ठीक आहेत. पहिल्या फेरीचे नमुने कोणी तयार केले?"

"मी."

"हं. हात हलला असेल. होतं असं. तसं लिहून देऊ या."

हात हलला! तीन माणसांच्या सगळ्या नळ्यांना, सकाळपासून दुसऱ्या दिवसापर्यंतच्या, नेमका त्यांच्याच वेळी माझा हात हलला आणि बाकीच्यांच्या वेळी नाही? माझं डोकं फिरलं. मी जे बोलले त्यातलं अर्धं इथे छापण्यासारखं नाही. शेजारच्या खोलीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. सर शांतच होते, आणि त्यामुळे मी आणखी तापले. मला कळत होतं की हे 'तसं' एकदा लिहून दिलं की माझी नोकरी त्याच कागदाबरोबर फाइलीत जाणार. परीक्षेवर असलेल्या माणसाचा हलणारा हात कोण कायम करील? आणि या छोट्या धंद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. दुसरीकडे कुठे गेले असते, तरी माझ्याआधी माझा हात पोचला असता.

मग मात्र भाजीच्या पाटीशेजारी बसलेली मुलगी जागी झाली. रागात सौदा होत नाही. मी खुर्ची ओढून बसले.

"सर, प्रत्येक नमुन्याची दुसरी नळी फ्रीजरमध्ये आहे. ती काढू. पुन्हा मोजू. आकडा बदलला, तर मी राजीनामा देते. तुम्हाला काही लिहायला नको."

"आणि नाही बदलला तर?"

"तर ते तिघं शेवटच्या तपासणीला केंद्रात येतील तेव्हा मला तिथे बसू द्यायचं. आणि कारण सापडलं, तर जे काही लिहिलं जाईल त्यात माझं नाव."

सर हसले. "मान्य."

"अजून एक. नमुने मी तयार करणार नाही."

"मग कोण?"

"तुम्ही. माझा हात हलतो ना."

सरांनी कितीतरी वर्षांत हातात पिपेट धरलं नव्हतं. पण माणूस मानी. नाही म्हणणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कोट चढवला, हातमोजे घातले, आणि आमची सगळी प्रयोगशाळा कामाचं नाटक करत त्यांच्याकडे बघत राहिली. पहिल्या काही नळ्यांना त्यांचाच हात थरथरला. मी मुद्दाम वहीत डोकं घातलं. हळूहळू हात बसला, आणि मग मात्र ते सुरेख काम करत होते. मला त्या वेळी वाटून गेलं, की या माणसाला खुर्चीनं उगाच अडकवून ठेवलंय. संध्याकाळी यंत्रातून आकडे आले. तेच. अगदी तेच.

सरांनी जुना आणि नवा कागद शेजारी शेजारी ठेवले. मग "हं" म्हणाले, आणि केंद्राला फोन करून मला परवानगी काढून दिली. हे श्रेय त्यांचं, ते मी बुडवणार नाही.

केंद्रात भरतीच्या वेळी प्रश्न विचारायचं काम रजनी सिस्टरांचं. मूळच्या कल्याणच्या, आवाज मोठा, पण पेशंट झोपला की पायातल्या चपला हातात घेऊन चालणाऱ्या. तपासणीच्या दिवशी त्यांनी मला आपल्या शेजारी बसवलं आणि त्या तिघांना एकेक करून आत बोलावलं. पहिले आले ते सदानंद, दिव्याला राहणारे, रिक्षा चालवणारे. माझा पांढरा कोट बघूनच ते सावध झाले.

"काय झालं, सिस्टर? रिपोर्ट खराब आहे?"

"तुमचा रिपोर्ट छान आहे हो. ह्या मॅडमना थोडं विचारायचंय."

मी विचारलं, पहिल्या वेळी भरती होण्याआधी कुठली गोळी घेतलेली का? नाही. काढा, चूर्ण, आयुर्वेदिक? नाही. दारू? सदानंद दुखावले. "मॅडम, घरात गणपती होता!"

"मग खाल्लं काय काय?"

ते गप्प. खाली बघून नखं खरवडायला लागले. मला तो गप्पपणा ओळखीचा होता: गिऱ्हाईक काहीतरी लपवतंय, पण खोटारडं नाही, घाबरलंय. मी सिस्टरांकडे बघितलं. त्यांना कळलं.

"सदानंद, तुम्हाला परत कधी बोलावणार नाही असं वाटतंय का? जे मी विचारलंच नाही, ते तुम्ही सांगितलं नाहीत, हा तुमचा गुन्हा नाही. सांगा बिनधास्त."

"तसा काय नाय ओ," ते म्हणाले, आणि त्यांची मालवणी बाहेर आली. "आम्ही गावाक गेलेलो, आम्ही तिघंव. एकाच वाडीतले. विसर्जन झाला आणि रातच्या एस्टीत बसलो, ती सकाळी ठाण्याच्या खोपटाक. तिथून घराक न जाता सरळ हय. गाडीत बायकोन दिलेल्या पुरणपोळ्यो, आणि तोरिंजन."

"तोरिंजन म्हणजे?"

आता ते माझ्याकडे असे बघायला लागले, की ही बाई नक्की कुठून आली. माझ्या घरचं मूळ साताऱ्याकडचं. मला खरंच माहीत नव्हतं.

"तोरिंजन माहीत नाय? माटवीक बांधतत ता!" मग त्यांनी मला समजावून सांगितलं. त्यांच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात, तिला माटवी म्हणतात. तिला रानातली फळं, पानं, नारळ, सुपारी बांधतात, आणि विसर्जनानंतर ती फळं प्रसाद म्हणून वाटून घेतात. "त्यातला मोठ्ठा फळ. एवढा." त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ करून हवेत धरली. "जाड साल. सोललास की आत गुलाबी."

ती ओंजळ मला अजून दिसते. "पपनस!" मी ओरडले. सिस्टरांच्या हातातलं पेन पडलं.

"व्हय, तुमी पपनस म्हणतास. आम्ही एस्टीतच सोलला, तिघांनी खाल्ला."

जे वाचक या धंद्यातले नाहीत, त्यांच्यासाठी सांगते. ग्रेपफ्रूट नावाचं एक परदेशी फळ आहे. ते आतड्यातल्या त्या जकातनाक्याला दोन-तीन दिवस गाढ झोपवतं, हे औषधवाल्यांना चांगलं माहीत आहे. म्हणूनच भरतीआधी प्रत्येकाला त्याबद्दल विचारायचं असतं. आणि पपनस हा त्याच घरातला, वडीलधारा. तोही नाकेदाराला तसाच झोपवतो.

"पण सिस्टर तर विचारतात ना हे भरतीच्या वेळी?" मी म्हटलं.

"विचारते तर!" रजनी सिस्टर म्हणाल्या. "सगळ्यांना विचारते. द्राक्षं खाल्ली का?"

"द्राक्षं?"

"मराठीत 'द्राक्षफळ' छापलंय. आता द्राक्षफळ कोणाला कळणार? म्हणून मी सरळ विचारते, गेल्या तीन दिवसांत द्राक्षं खाल्ली का?"

"बरोबर," सदानंद म्हणाले. "आणि मी सांगितलंय, नाय खाल्ली. भादव्यात द्राक्षां खंय गावतत?"

कुठल्या तरी कचेरीत कोणीतरी 'ग्रेप'ला द्राक्ष आणि 'फ्रूट'ला फळ असं जोडून दिलं होतं, आणि ते जोडकाम इतके दिवस इमानानं विचारलं जात होतं, इमानानं नाकारलं जात होतं. मग सिस्टरांना हसू फुटलं, मला फुटलं, आणि सदानंदना काही न कळता तेही हसायला लागले.

बाकीच्या दोघांना मी वेगवेगळं आणि फळाचं नाव न घेता विचारलं. दोघांनी तेच सांगितलं. ज्याचा आकडा सर्वात वर होता, तो पोरगेला इसम म्हणाला, "सदाकाकाचा दात आंबला, म्हणून त्याचा उरलेला वाटा पण मीच खाल्ला."

मी सिस्टरांना सरांच्या 'हात हलला'चं सांगितलं, आणि परत निघाले तेव्हा त्या दारापर्यंत आल्या. त्यांचं हसू गेलं होतं. "तुमच्या अहवालात लिहा. विचारणारी मी होते. तुमच्या हाताचं काही नव्हतं." नोकरी त्यांचीही होती, आणि घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच. मी म्हटलं, छापणाऱ्याची चूक आहे, तुमची कशी? "शब्द माझ्या तोंडून गेला ना," त्या म्हणाल्या. त्यांनी स्वतः सरांना फोन करून तेच सांगितलं. त्यांना कोणी काही केलं नाही, हे आधीच सांगून टाकते. पण फोन लावताना त्यांना ते माहीत नव्हतं.

ते काम रद्द झालं आणि नव्यानं, नीट प्रश्न विचारून, पुन्हा केलं गेलं. नवा प्रश्न मी आणि सिस्टरांनी मिळून तयार केला: 'गेल्या तीन दिवसांत ग्रेपफ्रूट, पपनस, म्हणजेच तोरिंजन, खाल्लं आहे का?' सरांना 'तोरिंजन' खटकलं. "हा काही प्रमाण शब्द नाही." मी म्हटलं, "सर, आपल्याकडे येणारी निम्मी माणसं दिवा-डोंबिवलीतली, कोकणातून आलेली. रक्त प्रमाणभाषेत येत नाही." त्यांनी चष्मा पुसला आणि सही केली. मी कायम झाले.

आता दुखणं. काही महिन्यांनी एका परिषदेत सरांनी या सगळ्यावर भाषण दिलं. उत्तम दिलं. पडद्यावर तीन उंच रेघा, मग पपनसाचा फोटो, सभागृह खूश. शेवटच्या पानावर आभार होते. मी खुर्चीत पुढे सरकून बसले. तिथे लिहिलं होतं: 'प्रयोगशाळेतील कर्मचारी.'

सौदा ठरला होता. मान्य म्हणाले होते. मी, कोथिंबिरीच्या जुडीवरून अर्धा तास भांडणारी, माझा आयुष्यातला सर्वात मोठा सौदा तोंडी ठेवला होता. परतीच्या वाटेवर मी त्यांना विचारलं. ते खरंच गोंधळले. "अगं, त्यात तू आलीसच की." त्यांच्या लेखी मी आलेच होते. मला वाटतं, त्यांनी फसवलं नाही. त्यांना ते दिसलंच नाही. हे जास्त वाईट की कमी वाईट, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही, आणि राग दोन्ही बाजूंनी धरून ठेवलाय.

त्याच रागानं पुढे मी नोकरी सोडली आणि डोंबिवली एमआयडीसीत एक गाळा घेऊन स्वतःची छोटी प्रयोगशाळा काढली. म्हणजे रागाचेही आभारच मानायला हवेत. दर वर्षी गणपतीनंतर सदानंद रिक्षा घेऊन येतात आणि टेबलावर एक तोरिंजन ठेवतात. "मॅडम, खावा. पण गोळी चालू असात तर नको हां." मावशींचा बर्फ, सिस्टरांचा तो फोन, सदानंदची ओंजळ, यांतलं एक जरी नसतं, तर मी आज कुठल्या तरी शाळेत रसायनशास्त्राच्या वह्या तपासत बसले असते. आणि सरांनी हातात पिपेट धरलं नसतं, तरी हेच. म्हणून त्यांचेही मनापासून आभार. नाव मात्र या लेखात त्यांचंही घातलेलं नाही. 'विभागप्रमुख', एवढंच. फिट्टंफाट.

हे इथेच संपवणार होते. पण गेल्या वर्षी ठाण्यातल्या एका नव्या केंद्रात दराची बोलणी करायला गेले होते. या धंद्यात माणसं नोकऱ्या बदलतात आणि प्रश्नांचे कागद त्यांच्याबरोबर एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात जातात. मी बाहेर बाकावर बसले होते. समोर एक तरुण मुलगी भरतीला आलेल्या माणसाला धडाधड प्रश्न विचारत होती.

"तंबाखू? दारू? ग्रेपफ्रूट, पपनस, म्हणजेच तोरण?"

"तोरण नाही गं!" मी एवढ्यानं ओरडले की वॉचमन आत डोकावला. "तोरण दाराला लावतात! तोरिंजन! तो-रिं-जन!"

ती बिचारी दचकली. "सॉरी मॅडम. पण म्हणजे काय असतं ते?"

मी दोन्ही हातांची ओंजळ करून हवेत धरली. "एवढं. जाड साल. आत गुलाबी."

"हां, तोरिंजन!" खुर्चीतला माणूस म्हणाला. "आमच्या माटवीक असता. पण यंदा गावाक जाऊकच गावला नाय."

"म्हणजे नाही," मुलीनं कागदावर खूण केली.

मी तिला विचारलं, "हा प्रश्न कोणी लिहिला, माहितीये?"

तिनं मान हलवली. "नाही मॅडम. पहिल्यापासून असाच आहे."

मी आत गेले. त्यांनी जो पहिला दर सांगितला, त्याला हो म्हणून टाकलं. स्टेशनवर पोचल्यावर माझ्या ते लक्षात आलं आणि मी स्वतःवरच चिडले. पण फार नाही.